केनियाची सहल, यलो कार्ड आणि घरातली सहा माणसं

वाचकाचं पत्र:

"डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सहा जण केनियाला निघालो आहोत. २२ डिसेंबरला मुंबईहून दुबईमार्गे नैरोबी, पुढे नाकुरू आणि मसाई मारा, ३० तारखेच्या रात्री परतीचं विमान. मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा, ६८ वर्षांचे सासरे, नणंद आणि तिची सात महिन्यांची मुलगी. अर्धे पैसे भरून झालेत. आता एजंट म्हणतो, परत येताना यलो फीवरच्या लशीचं कार्ड लागतं, पण 'केंद्रावर जायची तसदी घेऊ नका, कार्ड मी करून आणतो.' सासरे संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेतात. मुलाला लहानपणी अंडं खाल्लं की अंगावर गांधी उठायच्या. नणंद बाळाला अजून अंगावर पाजते. त्यात आफ्रिकेतल्या साथींच्या बातम्या वाचून धडकी भरते. ऐन वेळी काही निघालं तर? सिंह बघायचं सासऱ्यांच्या फार वर्षांपासून मनात आहे. त्यांना काय सांगू? – एक वाचक, सांगली"

नमस्कार ताई,

आधी उत्तर, मग कारणं. सासरे, नणंद आणि बाळ या तिघांनी या डिसेंबरमध्ये केनियाला जाऊ नये. तुम्ही आणि तुमचे यजमान लस घेऊन जाऊ शकता. मुलगाही जाऊ शकेल, पण लशीआधी त्याला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. आणि एजंटाने "करून आणलेलं" कार्ड कोणासाठीच नको.

यलो फीवर, म्हणजे पीतज्वर, पसरवतो तो एडिस इजिप्ती नावाचा डास. आपल्याकडे डेंगी पसरवतो तोच हा. कुलरच्या पाण्यात, गच्चीवरच्या जुन्या टायरात, कुंडीखालच्या बशीत वाढणारा. म्हणजे भारतात डास भरपूर आहे, लस घेतलेली माणसं जवळजवळ नाहीत, आणि विषाणू मात्र अजून इथे शिरलेला नाही. आजारी माणूस ताप यायच्या जरा आधीपासून आणि तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत डासाला विषाणू देऊ शकतो. असा एक प्रवासी सांगलीत उतरला आणि त्याला इथला डास चावला, तर पुढे काय होईल हे सांगायला नको. ही भीती कागदावरची नाही. अंगोलात २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या साथीत तिथे कामाला गेलेले ११ चिनी नागरिक २०१६ मध्ये हा आजार घेऊन मायदेशी परतले होते. विषाणू विमानात बसून आशियात पोचतो हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून हे कार्ड प्रामुख्याने भारत मागतो, केनिया नाही. केनिया ते मागतं ते यलो फीवरचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे, आणि भारत त्यात नाही. "नैरोबीच्या विमानतळावर कोणी विचारतसुद्धा नाही" असं एजंट सांगत असेल तर ते खरं असू शकतं, पण तुमच्या उपयोगाचं नाही. तुम्हाला अडवलं जाईल ते ३१ डिसेंबरला, मुंबईत. मुंबईहून निघतानाही विमान कंपनीचा माणूस चेक-इनला कार्ड मागू शकतो, कारण परतीची अडचण त्यालाही ठाऊक असते.

विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण ३ ते ६ दिवस लागतात. नियमातले ६ दिवस तिथूनच आले. धोक्याच्या देशातून निघून ६ दिवस व्हायच्या आत तुम्ही वैध कार्डाशिवाय भारतात उतरलात, तर विमानतळ आरोग्य अधिकारी तुम्हाला डास शिरू शकणार नाही अशा विलगीकरण कक्षात ठेवू शकतात. दिवस मोजले जातात ते केनिया सोडल्यापासून. तुम्ही ३० डिसेंबरच्या रात्री नैरोबी सोडणार, म्हणजे मुक्काम ५ जानेवारीपर्यंत. कार्ड त्याआधी वैध होत असेल तर सुटका त्या दिवशी. मुलाची शाळा, यजमानांची रजा, सांगलीला परतायची तिकिटं, सगळं त्या एका कागदावर अडतं. दुबईत विमान बदललं म्हणून काही फरक पडत नाही. पासपोर्टवर केनियाचा शिक्का असतो आणि तारीखही. "आम्ही फक्त नैरोबीत होतो, जंगलात गेलोच नाही" हेही चालत नाही. केनियाच्या आत कुठे धोका कमी, कुठे जास्त, हा फरक डॉक्टर करतात; भारताच्या यादीत अख्खा देश आहे.

आता त्या करून आणलेल्या कार्डाबद्दल. तो बनावट दस्तऐवज आहे आणि पकडला गेला तर गुन्हा एकट्या एजंटावर नाही, कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरही येऊ शकतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की ते कार्ड खिशात घेऊन मसाई मारात फिरणाऱ्या माणसाच्या रक्तात संरक्षणाचा थेंबही नसतो. यलो फीवर बहुतेकांना तापावर निभावतो, पण ज्या थोड्यांना तो दुसऱ्या टप्प्यात गाठतो त्यांना कावीळ होते, रक्तस्राव होतो, मूत्रपिंड बसतं, आणि त्यातले जवळपास निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात. या विषाणूवर औषध नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात. ज्या एजंटाने हे सुचवलं त्याच्याकडचे बाकीचे कागदही, म्हणजे विमा, हॉटेलच्या पावत्या, प्रवेश परवाने, एकदा नीट तपासून घ्या.

लस कुठे मिळते? फक्त केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवर. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा औषधांच्या दुकानात नाही. मान्य केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना यांची केंद्रं आहेत. वेळ आधी घ्यावी लागते आणि ती सहज मिळत नाही, याला लशीच्या कुपीतच कारण आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, भुकटीच्या रूपात. त्यात द्रावण घातलं की ती कुपी सहा तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. त्यामुळे केंद्रं ठरावीक वारी, पुरेशी माणसं जमवूनच कुपी फोडतात. सुट्ट्यांच्या तोंडावर सगळ्यांना एकाच वेळी लस हवी असते, साठाही मर्यादित असतो, आणि जागा भराभर भरतात. तुम्ही दोघांनी या आठवड्यातच वेळ घ्या. मुलासाठी वेगळा क्रम आहे, तो पुढे सांगते.

तारखेचं गणित चुकवू नका. कार्ड लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होतं. हे दहा दिवस कारकुनी नाहीत; तेवढ्यात दहातल्या सुमारे आठ जणांच्या अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होते, महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्या. परतीसाठी म्हणून हिशोब केला तर २० डिसेंबरला घेतलेली लसही ३० तारखेला वैध होते आणि काही एजंट हेच सांगतात. पण मग केनियातले सगळे दिवस तुम्ही अर्धवट संरक्षणात काढाल. १२ डिसेंबर ही तुमची शेवटची तारीख समजा, आणि नेम मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर धरा. एखादी फेरी साठा नसल्यामुळे रद्द झाली तरी हातात दोन आठवडे राहतात. एकदा लस घेतली की पुन्हा घ्यायची गरज नाही. ११ जुलै २०१६ पासून जगभर हे कार्ड आयुष्यभरासाठी वैध धरलं जातं. घरात कोणाकडे आधीच्या आफ्रिका दौऱ्याचं "दहा वर्षं वैध" लिहिलेलं जुनं कार्ड असेल, तर तेही आता चालतं.

जाताना मूळ पासपोर्ट, त्याची झेरॉक्स, वेळ घेतल्याची पावती, आणि चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या. काहीतरी खाऊन जा. रांगेत उपाशी उभं राहून सुईनंतर चक्कर आलेले बरेच असतात. लस ०.५ मिली, दंडाच्या वरच्या भागात, कातडीखाली. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, तीव्र अ‍ॅलर्जी झालीच तर ती बहुधा तेवढ्यात दिसते. पुढच्या काही दिवसांत केव्हाही कणकण, डोकं दुखणं, अंग ठणकणं होऊ शकतं. पॅरासिटामॉलने भागतं. पण लशीनंतर जोराचा ताप, गोंधळल्यासारखं वागणं, मान आखडणं किंवा डोळे पिवळे दिसले तर थेट रुग्णालय गाठा आणि लशीची तारीख सांगा.

कार्ड हातात पडलं की काउंटरवरून हलायच्या आधी वाचा. पिवळ्या रंगाची घडीची पुस्तिका असते. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर. "पाटील" चं इंग्रजी स्पेलिंग एका जागी एक आणि दुसरीकडे वेगळं असेल तर तिथल्या तिथे नवीन कार्ड मागा. पासपोर्ट क्रमांक. जन्मतारीख. लशीच्या ओळीत दिलेली तारीख, लशीचा उत्पादक आणि बॅच क्रमांक, देणाऱ्याची सही, केंद्राचा अधिकृत शिक्का. वैधतेच्या रकान्यात सुरुवातीची तारीख दहा दिवस पुढची आहे ना, आणि पुढे "आयुष्यभर" या अर्थाची नोंद आहे ना, ते बघा. मग कार्डावर तुमची स्वतःची सही. ही सर्रास राहून जाते. मुलाच्या कार्डावर आई किंवा वडिलांची सही लागते. खाडाखोड किंवा पांढरी शाई चालत नाही. अशा कार्डाला अधिकारी अवैध म्हणू शकतो. लॅमिनेट करू नका. पासपोर्टच्या पाऊचमध्येच ठेवा, मोठ्या बॅगेत नको, कारण मुंबईत आरोग्य तपासणीचं काउंटर सामानाच्या पट्ट्याच्या आधी येतं. फोनमध्ये फोटो असू द्या, पण त्या फोटोवर विसंबू नका. पुढे पासपोर्ट बदलला तर जुना पासपोर्ट कार्डासोबत जपून ठेवा, कारण कार्डावर त्याचा क्रमांक आहे.

आता माणसागणिक.

सासऱ्यांचं वय ६८. ही जिवंत विषाणूची लस आहे, दुबळा केलेला असला तरी जिवंतच. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांमध्ये गंभीर परिणाम, म्हणजे यकृतासह अनेक अवयव निकामी होणं किंवा मेंदूला सूज येणं, तरुणांपेक्षा जास्त दिसतात. तरीही ते विरळ आहेत, आणि नुसत्या वयावरून लस नाकारत नाहीत; धोका आणि गरज तोलून ठरवतात. पण त्यांच्या बाबतीत वयासोबत मेथोट्रेक्सेट आहे, जे प्रतिकारशक्तीलाच लगाम घालतं. जिवंत विषाणू आणि लगाम घातलेली प्रतिकारशक्ती हे एकत्र आणायचं नाही. "पंधरा दिवस गोळी बंद करू आणि लस घेऊ" असं घरात कोणी सुचवेल. तसं करू नका. औषध थांबवायचं तर ते संधिवाताच्या डॉक्टरांनी ठरवायचं, त्यानंतरही लशीआधी साधारण एक ते तीन महिने थांबावं लागतं, आणि तेवढ्यात सांधे उसळले तर ना सहल ना साधं चालणं. २२ डिसेंबरच्या आत हे बसतच नाही. रोज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड जास्त मात्रेत घेणारे, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, थायमस ग्रंथीचा आजार किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) असलेले, यांनाही ही लस देत नाहीत. हे इतर वाचकांसाठी लिहून ठेवते.

मग "लस देता येत नाही" असं पत्र घेऊन त्यांनी जावं का? मान्यताप्राप्त केंद्र वैद्यकीय कारणाने सूट असल्याचं पत्र देऊ शकतं. पण ते पत्र म्हणजे लस नव्हे. भारतात उतरल्यावर ते मान्य करायचं की विलगीकरणात ठेवायचं, हे अधिकारी ठरवतात. शिवाय डास पत्र वाचत नाही. ज्याला लस चालत नाही त्याला हा आजार तर मुळीच चालणार नाही.

बाळ प्रवासाच्या दिवशी साडेआठ महिन्यांचं असेल. ही लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. सहा महिन्यांच्या आत तर अजिबात नाही, आणि सहा ते नऊ महिन्यांच्या मधे फक्त साथ पेटलेली असताना डॉक्टर विचार करतात, कारण इतक्या लहान बाळांमध्ये लशीमुळे मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. नणंदेचाही प्रश्न तिथेच अडकतो. लस घेतलेल्या आईच्या दुधातून लशीचा विषाणू तान्ह्या बाळापर्यंत गेल्याची मोजकी उदाहरणं नोंदली गेली आहेत, म्हणून नऊ महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल तर टाळता येणारी लस टाळतात. ही सहल टाळता येण्यासारखी आहे. तान्ह्या बाळांना कार्डातून सूट असते असंही कोणीतरी सांगेल. कार्डातून सूट असली तरी आजारातून सूट नाही.

मुलाबद्दल. लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात, म्हणून अंड्याचा प्रश्न विचारला जातो. आता त्याला उकडलेलं अंडं किंवा ऑम्लेट चालतं का, की फक्त केक-बिस्किटातलं भाजलेलं अंडं चालतं? हा फरक महत्त्वाचा आहे, कारण खूप भाजल्यावर अंड्यातली प्रथिनं बदलतात आणि केक पचवणाऱ्या मुलालाही कच्च्याच्या जवळचं अंडं त्रास देऊ शकतं. ऑम्लेट निवांत खात असेल तर बहुधा अडचण येणार नाही. नाहीतर आधी अ‍ॅलर्जीतज्ज्ञ, मग त्यांची चिठ्ठी घेऊन केंद्र. घरी अंडं खायला घालून "बघू काय होतं" हा प्रयोग नको. लहानपणी श्वास लागला होता, ओठ सुजले होते किंवा उलट्या होऊन तो गळून गेला होता, असं काही आठवत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, गांधींपेक्षा ते वेगळं प्रकरण आहे. यासाठी वेळ लागेल, म्हणून त्याच्या डॉक्टरांची वेळ तुमच्या लशीच्याही आधी घ्या. उत्तर नकारार्थी आलं तर सहलीचा बेतच बदलावा लागेल, आणि ते डिसेंबरच्या मध्यावर नव्हे, आत्ता कळायला हवं.

सहाही जणांना एकत्रच जायचं असेल तर देश बदला. आफ्रिकाच हवी असेल तर दक्षिण आफ्रिकेत यलो फीवर नाही. तिथे पिलानेसबर्ग आणि मॅडिक्वे ही अभयारण्यं मलेरियामुक्त आहेत, जे बाळ आणि सासरे दोघांसाठी फार मोलाचं आहे. क्रूगर अभयारण्यात मात्र मलेरिया आहे. पण विमानाचा मार्ग बघून घ्या. स्वस्त तिकिटं बरेचदा इथियोपियातल्या अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जातात. विमानतळाच्या आतच थांबलात तर सवलत मिळू शकते, तीही अधिकाऱ्याचं समाधान झालं तर. लांब थांब्यासाठी कंपनीने दिलेल्या फुकट हॉटेलात झोपायला बाहेर पडलात की इथियोपियाचा शिक्का बसतो आणि कार्डाचा प्रश्न परत उभा राहतो. दक्षिण आफ्रिकाही असा थांबा १२ तासांहून जास्त झाला तर कार्ड मागते. दुबई किंवा दोहावरून जा आणि बोर्डिंग पास घरी पोचेपर्यंत टाकू नका. नणंदेचे यजमान सोबत नसतील तर बाळाचा आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला आणि वडिलांचं संमतीपत्र लागेल. डिसेंबर हा तिथल्या शाळांच्या मोठ्या सुट्टीचा काळ, तेव्हा भाव चढे असतील आणि व्हिसालाही वेळ लागेल. मला विचाराल तर इतक्या घाईत सहा जणांचा हा बेत बसवण्यापेक्षा तिघांनी केनिया करावा.

कोणीतरी "दुबईत सहा दिवस राहून मग भारतात या" असाही तोडगा देईल. कायद्याच्या दृष्टीने तो बसतो. पण लस न घेतलेलं माणूस केनियात तर राहून आलंच, आणि आजारी पडलं तर दुबईत पडेल. यात कोणाचंच भलं नाही.

साथीच्या बातम्यांचं काय? बातमीत "आफ्रिका" आलं की पोटात गोळा येतो हे समजण्यासारखं आहे, पण आफ्रिका म्हणजे एक गाव नाही. ४ मार्च २०२२ ला केनियाने यलो फीवरची साथ जाहीर केली तेव्हा ती नैरोबीच्या उत्तरेकडच्या इसिओलो परगण्यात होती. मसाई मारा नैऋत्येला, दुसऱ्या टोकाला. बातमी आली की आधी जिल्हा शोधा आणि नकाशावर तुमचा मार्ग ठेवून बघा. मग आजार कसा पसरतो ते बघा. २७ सप्टेंबर २०२४ ला रवांडाने मारबर्ग या इबोलासारख्या विषाणूची साथ जाहीर केली. त्यात सर्वाधिक झळ आरोग्य कर्मचाऱ्यांना बसली, कारण तो विषाणू रुग्णाच्या शरीरातल्या द्रवांच्या थेट संपर्काने पसरतो. जीपमधून सिंह बघणाऱ्याचा आणि रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याचा धोका एक नसतो. त्याच वर्षी २० डिसेंबरला ती साथ संपल्याचं जाहीर झालं. पण तेवढ्या काळात रवांडा सोडणाऱ्यांची तपासणी होत होती, आणि अमेरिकेने तिथून येणाऱ्यांसाठी वेगळी तपासणी लावली होती. पर्यटकाला प्रत्यक्ष त्रास होतो तो इथे: अशा काळात परतीच्या दिवशी साधा सर्दीताप असला तरी विमानात चढू देतीलच असं नाही. त्यासाठी दोन जादा रात्रींचे पैसे वेगळे ठेवा, रोजची औषधं आठवडाभर जास्त न्या, आणि तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या. ताप लपवायला तपासणीआधी पॅरासिटामॉल घेऊ नका.

जायच्या आधी तीनदा तपासा: पैसे भरताना, १० दिवस आधी, आणि आदल्या दिवशी. बघायचं भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांमध्ये, नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या पानावर आणि दुबईचे नियम. यलो फीवरशिवाय पोलिओच्या तोंडावाटे डोसाचीही अट काही देशांसाठी असते, त्यात प्रवासाच्या चार आठवडे आधी डोस लागतो आणि देशांची यादी बदलत राहते. लशीच्या केंद्रावर फोन कराल तेव्हाच त्याचीही विचारणा करा, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही.

विमा आजच घ्या. साथ जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ती "आधीच माहीत असलेली घटना" म्हणून बहुधा वगळलेली असते. आणि "भीती वाटली म्हणून रद्द केलं" याचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. रुग्णालयाचा खर्च आणि जंगलातून हवाई रुग्णवाहिकेने नैरोबीला आणण्याचा खर्च त्यात धरलाय का, हे शब्दशः वाचून घ्या.

तिथे गेल्यावर लस घेतली म्हणून डास विसरू नका. डेंगी आणि मलेरिया तिथेही आहेत. एडिस दिवसा चावतो, मलेरियाचा डास रात्री. २० ते ३० टक्के डीईईटी (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम उघड्या अंगाला, आधी सनस्क्रीन आणि ते सुकल्यावर हे. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घ्या. गडद निळा आणि काळा नको, त्या रंगांकडे त्सेत्से माश्या ओढल्या जातात आणि त्यांचा चावा कपड्यातूनही बसतो. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. अ‍ॅटोव्हाकोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची असते, आणि लोक मुंबईत उतरले की ती बंद करतात, तिथेच चूक होते. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको, डेंगी असेल तर रक्तस्राव वाढतो. परतल्यावर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर पहिलं वाक्य "आम्ही केनियाला जाऊन आलो" हे, आणि त्याच दिवशी मलेरियाची तपासणी.

पैशांचं बोलणं लेखी करा. "या तिघांना वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही" अशी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून एजंटाला ईमेल पाठवा, आणि तीन गोष्टी विचारा: किती रक्कम कापणार, त्यांच्या जागी दुसरी नावं चालतील का, रक्कम पुढच्या सहलीत वळवता येईल का. हॉटेल आणि विमान कंपन्या प्रवासाच्या जितक्या आधी कळवाल तितकी कपात कमी करतात, म्हणून डिसेंबरची वाट बघू नका.

सासऱ्यांना तुम्ही एकट्याने सांगू नका. त्यांना संधिवाताच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या: "मला ही लस चालेल का?" सुनेने नको म्हटलं असं त्यांच्या मनात राहायला नको, आणि डॉक्टरांनी कारणासकट सांगितलेलं बहुतेक ज्येष्ठ मंडळी मानतात. त्याच भेटीत हेही विचारा की पुढच्या वर्षी औषध बदलून किंवा थांबवून लस शक्य होईल का. आणि सिंहासाठी केनियाच कशाला हवा? भारतात तो गीरमध्ये आहे. यलो कार्ड नको, पासपोर्ट नको, तिथली जिप्सीची सफारी आधी ऑनलाइन नोंदवावी लागते आणि नाताळात लवकर भरते, म्हणून जानेवारीच्या मधल्या वारांचा विचार करा. तोवर बाळाचेही नऊ महिने पूर्ण होतील आणि गोवर-रुबेलाची लस होऊन जाईल, म्हणजे तीही सोबत येऊ शकेल. पहाटेच्या उघड्या जिप्सीत थंडीने सांधे धरतात. सासऱ्यांसाठी दुपारची फेरी घ्या, आणि गुडघ्यांवर टाकायला एक घोंगडी बरोबर ठेवा.